आलं घातलेली कॉफी

आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ चहा होतो आणि कोणी आलं की परत होतो. गंजात पाणी ठेवायचं, साखर, पत्ती, ठेचलेलं आलं टाकायचं, उकळी आली की दूध. माणूस वाढला तर पाणी वाढवायचं. कॉफीचं तसं नाही. कॉफी ज्याला पाहिजे त्याच्यापुरतीच होते. आमच्याकडे ती फक्त मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत यायची, किराणा दुकानातून लहान लहान पुड्या. मी एकदा चाखली, तर करपलेल्या फुटाण्यासारखी लागली. त्यानंतर तिच्या वाटेला गेले नाही.

हे कोणाला बोलून सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे.

मुलगी आता बँकेत आहे. तिथल्याच एका मुलाशी तिला लग्न करायचं आहे. तो नागपुरातल्या महाल भागातला, हिंदू घरचा. आम्ही बौद्ध. त्याला वडील नाहीत, आई आहे, आणि आई हो म्हणाली असं मुलीने सांगितलं. त्या रविवारी ती आमच्या घरी येणार होती.

माझे मालक लकडगंजात लाकडाच्या टालावर काम करतात. ते म्हणाले, "हो म्हणाली ना? मंग तू काहून तोंड पाडून राहिली वं?"

मला एकच गोष्ट पाहायची होती. ती बाई आपल्या घरचा चहा पिते की नाही. तोंडाने हो म्हणणं सोपं असतं. मुलीला जन्म काढायचा होता त्या घरात.

लहानपणी आम्ही नरखेडकडच्या गावात होतो. आई संत्र्याच्या बागेत तोडणीला जायची. तिथे आमच्यासाठी कान तुटलेले कप गोठ्याच्या भिंतीवर वेगळे ठेवलेले असत. आपणच घ्यायचे, आपणच धुऊन पालथे घालायचे. एकदा भावाच्या बारशाला बागेची मालकीण आमच्या दारी आली. आईला केवढा आनंद झाला. शेजारून दूध आणून तिने चहा केला. मालकीण म्हणाली, "मी चहा सोडला वं बाई." आदल्याच दिवशी ती ओसरीवर बशीत ओतून फुरके मारताना आम्ही पाहिली होती. आईने तो चहा परत गंजात ओतला.

पुढे नागपुरात हेच मी निरनिराळ्या तऱ्हेने ऐकलं. आताच झाला, उपास आहे, पित्त होतं. खरंच पित्त असणारे लोकही असतील. पण कोणतं खरं ते मला ओळखता येत नाही, म्हणून मी आग्रह करणंच सोडून दिलं.

रविवारी मुलाची आई त्याच्या स्कूटरवर बसून आली. सुती साडी, चष्मा. बसल्याबरोबर म्हणाली, "घर किती स्वच्छ ठेवलंय हो तुम्ही." मला ते थोडं टोचलं. अस्वच्छ असेल असं वाटलं होतं का? मुलीने पाण्याचे पेले समोर ठेवले. मुलगा प्यायला. तिचा पेला तसाच होता.

मी चहाचा ट्रे घेऊन आले. तिने हात वर केला.

"मला नको हो ताई. मी चहा घेत नाही."

माझे मालक पंख्याकडे पाहू लागले. मुलीचा चेहरा उतरला. मी ट्रे धरून उभीच राहिले, मला तो खाली ठेवायचंही सुचेना.

मग ती म्हणाली, "कॉफी असेल तर अर्धा कप चालेल."

मला वाटलं, आमच्या घरी कॉफी कुठून असणार हे माहीत असूनच मागते आहे. जे नाही ते मागितलं की नाही म्हणायचं पाप आपल्याकडे येतं.

"आई, काहून उभी राहिली वं?" मुलगी म्हणाली. "डाळीच्या डब्यामागे असन एखादी पुडी, पाय ना."

पुडी होती. आतली कॉफी दगडासारखी झाली होती. मी ती बत्त्याने फोडली. पाणी ठेवलं, साखर टाकली, कॉफी टाकली, आणि गंज उकळायला लागल्यावर वास आला तेव्हा कळलं की हाताने सवयीने आलंही ठेचून टाकलं आहे. दुसरी पुडी नव्हती.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आलं टाकलं का हो तुम्ही?" ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मी म्हटलं, "चुकलं. मले कॉफी जमत नाही."

ती आत आली, गंजात डोकावली आणि इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसले. "द्या, द्या. माझ्या सासूनं पाहिलं असतं तर मला माहेरी धाडलं असतं."

बाहेरून मुलगा ओरडला, "काकू, आईले जपून द्या! घरी चहाच्या गंजात कॉफी करू देत नाही ती, कॉफीले वास लागते म्हणते."

"तू गप बस," ती म्हणाली. तिथेच ओट्याला टेकून तिने कॉफी प्यायला घेतली. पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं. मग दुसरा घोट घेतला. मी कपाकडेच पाहत होते, तिच्याकडे पाहायची हिंमत नव्हती. ती शेवटपर्यंत प्यायली, तळाचा गाळसुद्धा हलवून. मग मडक्यावरचं झाकण आपल्या हाताने काढलं, ओगराळ्याने पाणी घेतलं आणि प्यायली.

"घसा धरला हो आल्यानं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी पुडी मी आणते."

तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. एका कॉफीत माणूस कळत नाही. तिच्या घरचे बाकीचे लोक कसे असतील, तेही पाहायचं आहे. पण पुढच्या वेळी, असं ती म्हणाली.

ते गेल्यावर मुलगी कप विसळायला निघाली. मी म्हटलं, "राहू दे थोडा वेळ." ती हसली, कारण तिला सगळं कळलं होतं. ट्रेवर त्या बाईसाठी ओतलेला चहा तसाच होता, वर साय धरलेली. मी तो गंजात परत ओतला नाही. खाली बसले आणि गारच पिऊन टाकला. फार चांगला झाला होता.