झोकेवाले साहेब

झोकेवाल्या साहेबांना टांगलेली वस्तू गप राहिलेली बघवत नसे. कंदील असो, कुणाच्या खांद्यावरची पिशवी असो, जाता जाता बोटानं ढकलायचेच. खुर्चीत कधी टेकले नाहीत. चहासुद्धा फेऱ्या मारत, निम्मा सांडत.

चाकणला आमच्या कारखान्यात ते जीवरक्षक बोटी तपासायला आले. भर समुद्रात तेलविहिरींचे फलाट असतात. तिथं आग लागली की माणसं या बोटीत बसतात, बोट वरून खाली सोडतात. पाण्याला टेकली की पुढचा-मागचा हूक एकदम सुटला पाहिजे. एकच सुटला तर बोट उभी लटकते, माणसं ओतली जातात.

आम्ही आपले शेडमध्ये बोट क्रेनला टांगायचो, ती हलायची थांबली की हूक सोडायचो. खाली जुने टायर. धप्प. पास! साहेब पहिल्याच दिवशी ओरडले, "समुद्र काय तुमच्या शेडात येऊन गप उभा राहणार आहे? दोर बांधा, झोका द्या!"

आमचा बाळू वेल्डर म्हणाला, "साहेब, पाळणा हाय व्हय? बारसं कधी?"

"तू ओढ रे, घुगऱ्या मी वाटतो."

आत वाळूची पोती असायची, त्यांच्यात साहेब स्वतः पट्टा लावून बसायचे. मी नको म्हणालो तर म्हणाले, "मामा, पोतं ओरडत नाही."

एकदा बोट न्यायला ट्रक दारात येऊन थांबला होता, आणि झोक्यात मागचा हूक अडकला. बोट नाकावर. आत लोंबकळत साहेब बोंबलले, "फेल! आधी फेल म्हणा, मग मला काढा!"

मालक खवळले, "असं झुलवल्यावर देव्हारासुद्धा पडेल!"

"मग देव्हाऱ्यात माणसं बसवू नका."

ट्रक रिकामा परतला. हूक नव्यानं केले, बोट पास झाली, गेली. साहेबांना मात्र मालकांनी पुन्हा बोलावलं नाही.

साहेब गेल्या दिवाळीत वारले. माझी मंडळी त्यांच्या आधी. ती पिंपरीत दवाखान्यात होती, मी उशाशी, पोटात अन्न नाही, तेव्हा साहेबांचा फोन आला. नुसता वारा ऐकू येत होता.

"मामा, फलाटावर तपासणीला आलोय! लाटा बघा केवढ्या! आपली बोट सोडली, माणसांसकट. उतरली हो!"

मी भर वॉर्डात रडायला लागलो. हिनं डोळे उघडले.

"काय झालं?"

"माणसं सुखरूप खाली उतरली."

"मग जेवा की आता," ती म्हणाली.