पाणी कधी येणार, याचा अभ्यास

आमच्या कॉलेजची इमारत आधी डी.एड. कॉलेजची होती. मास्तर व्हायला कुणी येईनासं झालं, तेव्हा संस्थेनं पाटी बदलली आणि आत डेटा सायन्स सुरू केलं. मी डी.एड.ला मूल्यमापन शिकवायचे, त्यात थोडं संख्याशास्त्र असायचं. म्हणून पाटीबरोबर मीही बदलले. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक ऑनलाइन कोर्स केला आणि जूनमध्ये डेटा सायन्सची प्राध्यापक झाले. लोणारच्या, देऊळगाव राजाच्या एसटीनं मुलं-मुली यायची. मी त्यांच्यापेक्षा एक धडा पुढे असायचे.

दुसऱ्याच वर्षी प्राचार्यांनी नगरपरिषदेशी सामंजस्य करार केला. शहराचे प्रश्न आमच्या कॉलेजनं आकडेवारीतून सोडवायचे, असं त्यात लिहिलं होतं. प्राचार्यांनी मुख्याधिकाऱ्यांना शाल दिली, मुख्याधिकाऱ्यांनी प्राचार्यांना दिली. प्रश्न कोणता घ्यायचा, ते त्यानंतर ठरलं. प्राचार्यांना वाहतूक हवी होती, पण आमच्या गावात धड चौक एकच. तिथं काय अडलंय, ते पानटपरीवरून दिसतं. शेवटी पाणी घेतलं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, नेमकं कधी ते कुणी सांगू शकत नाही. ते आम्ही आधीच सांगायचं. समन्वयक म्हणून माझी निवड झाली, कारण त्या बैठकीच्या दिवशी मी रजेवर होते.

नगरपरिषदेनं पाणीपुरवठ्याची रजिस्टरं दिली. मुलांनी ती महिनाभर बसून संगणकात भरली. प्रत्येक वॉर्डाचा वार ठरलेला, वेळ ठरलेली, कुठंही खाडाखोड नाही. संगणकाचं भाकीत रजिस्टरशी इतकं अचूक जुळलं की प्राचार्यांनी पेढे मागवले. आमच्या गल्लीला मंगळवारी सकाळी नऊला पाणी येणार होतं. मी घरोघर जाऊन सांगितलं. शेजारच्या वहिनींनी त्यासाठी भाजीच्या दुकानाला सुट्टी दिली आणि ड्रम घासून दारात मांडले. दुपारी दोनपर्यंत नळातून हवासुद्धा आली नाही. वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या कम्प्युटरच्या घरी नळ हाय का?"

संगणकाचं काय चुकलं, ते माझ्या धड्यात नव्हतं. माझी एक विद्यार्थिनी होती, कमी बोलणारी, शेतकऱ्याघरची. ती म्हणाली, पाणी सोडणाऱ्यालाच विचारू. मला हे सुचलं नव्हतं. आम्ही टाकीवर गेलो. लोखंडी चावी खांद्यावर टाकून फिरणारा तो पन्नाशीचा माणूस वीसेक वर्षं गावाचे वॉल्व्ह उघडत होता. रजिस्टरचं विचारल्यावर त्याला जरासुद्धा संकोच वाटला नाही.

"ते साहेबाले पायजे म्हणून महिन्याच्या शेवटी एकदाच लिवतो," तो म्हणाला. "पाणी काय रजिस्टर पाहून येते, मॅडम?"

मग पाणी काय पाहून येतं, हे शोधायला ती मुलगी दोन महिने स्कूटीवरून त्याच्या सायकलीमागे फिरली. कुठला वॉल्व्ह कधी उघडला, लाइट किती वेळ होती, पाइप कुठं फुटला, त्याला फोन कधी आला, सगळं तिनं वहीत टिपलं. त्या वहीवर बांधलेलं भाकीत खरं ठरू लागलं. वहिनींनी माझ्याशी पुन्हा बोलायला सुरुवात केली.

वर्षअखेरीस नगरपरिषदेच्या सभागृहात सादरीकरण झालं. पाणी कशावर अवलंबून आहे, हे दाखवणारा एक खांबांचा आलेख होता. त्यात विजेचा खांब बऱ्यापैकी उंच, फुटक्या पाइपचा मध्यम, आणि सगळ्यात उंच खांबाखाली लिहिलं होतं : फोन. मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, हे काय आहे?

मुलगी उभी राहिली. "सर, पुढाऱ्यांचे फोन. फोन आला की पाणी त्यांच्या वॉर्डाकडं वळतं."

प्राचार्य हसले आणि विद्यार्थी अजून शिकताहेत, असं म्हणाले. पहिल्या रांगेतले दोन नगरसेवक चहा न घेताच उठले. संध्याकाळी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून तो खांब काढायला सांगितला. मी काढला नाही. बाणेदारपणा म्हणून नव्हे. खांब काढला की भाकीतच कोसळत होतं. मी त्याचं नाव बदललं. अहवालात आता 'इतर प्रशासकीय घटक' असं आहे. छपाईआधी ते वाचून मुलीनं मला विचारलं, माझं नाव काढता येईल का? मी तेही काढलं. काढण्यात माझा हात बसला होता.

पाणी सोडणाऱ्याची बदली पथदिव्यांकडे झाली. त्याच्या जागी आलेल्या माणसाला निम्मे वॉल्व्ह सापडेनात, कारण ते कुठं पुरलेत याचा नकाशा नगरपरिषदेकडे नव्हताच. तीन आठवडे अख्खं गाव कोरडं राहिलं. तेव्हा फोन करणाऱ्यांचे नळही कोरडे पडले आणि चौथ्या आठवड्यात जुन्या माणसाला परत आणलं. कॉलेजला दरम्यान शहर-सहभागाचा पुरस्कार मिळाला होता. तो घ्यायला मीच गेले.

मुलीला जालन्याला नोकरी लागली. जाताना ती सगळ्या शिक्षकांना भेटली, मलाही. नमस्कार केला, आशीर्वाद मागितला, आणि त्यापलीकडे एक शब्द बोलली नाही. तो पाणीवाला मात्र दिसला की सायकल थांबवतो. परवा त्यानं सहज विचारलं, "ते पोरगी काऊन येत नाही आता? चांगली लिवत होती." मी म्हटलं, भाऊ, तिला नोकरी लागली. त्याला खरोखर आनंद झाला. तिच्या वहीपायी त्याची बदली झाली होती, हे त्याला माहीत आहे की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.