एकाच ओळीचा धवला

"झटका येतो तेव्हा नेमकं काय होतं?" पनवेलच्या धर्मादाय दवाखान्यात महिन्यातून एकदा येणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी विचुंब्याच्या गंगाबाईंना विचारले. ज्या प्रसंगाच्या त्या नायिका, त्याला नेमक्या त्याच गैरहजर असत.

"मी तवा घरी नसते, डाक्टरीनबाई," त्या म्हणाल्या. "परत येते तवा नाकाशी कुनाचं तरी चप्पल असतं. आता वासावरून घर सांगते."

गंगाबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नातले विधी त्यांच्या धवल्याच्या, म्हणजे विधीच्या गाण्याच्या, आज्ञेने चालत. त्या ओळ सांगत, बायका ती मागे म्हणत. फिट येणारी बाई मांडवात अपशकुनी ठरेल, या भीतीने त्यांनी आजाराचे नाव 'उन्हाची भोवळ' ठेवले होते. दुकानात गोळी मिळाली तर गोळी, नाहीतर अंगारा. देव आणि दुकानदार यांची ही भागीदारी आपल्याच डोक्यावर चालते, असे त्या म्हणत.

बाहेरच्या भिंतीवर फलक होता: जगातले बहुसंख्य अपस्माररुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि त्यांतल्या अनेकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. गंगाबाईंनी तो अक्षर लावून वाचला. "म्हंजे आमची भावकी जगभर हाय," त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या. "एवढी भावकी, आन् हलदीला एक बी नाय!"

डॉक्टरांनी मात्र अट घातली. "झटका पाहिलेलं माणूस आणा. त्याशिवाय गोळी बदलणं अंदाजपंचे होईल."

दर वेळी जवळून पाहिलेले माणूस एकच: शेजारी बसून ओळ उचलणारी गोदू. तिच्या कानी पडलेली गोष्ट चहा निवायच्या आत पळस्प्याला पोहोचे. शिवाय धवलारणीच्या जागेवर तिचा डोळा होता. गोदूला आजाराचे नाव सांगणे म्हणजे मांडव सोडणे. "परक्या पोरींना सासरी जायचा धीर देते मी," गंगाबाई स्वतःला टोचत, "आन् मला गोदूसंगं पनवेल गाठवत नाय." पण पुढच्याच हळदीत भानावर आल्या तेव्हा पदर समईला टेकला होता. जळका पदर घेऊन त्या गोदूकडे गेल्या.

दवाखान्यात गोदूने सांगितले, "दर वेलेला पडत नाय ती. सुपातले तांदूल चिवडते, ओठ चाटते, डोले एकीकडं. आन् तीच ओल परत परत म्हनते. आमी बी म्हनतो."

"तुम्हीही?"

"मंग? धवलारीन सांगल तेच म्हनायचं. मागच्या लग्नात नवरदेवाला इतक्यांदा पाटावर बसवला, गुडघे गेले बिचाऱ्याचे!"

"आन् मला वाटलं, बायका हल्ली मन लावून गातात," गंगाबाई म्हणाल्या, आणि पदराआड तोंड लपवून हसत राहिल्या.

डॉक्टरांनी गोळी बदलली; ती मध्येच बंद करायची नाही आणि दिव्या-चुलीजवळ बसायचे नाही, असे बजावले. गायला हरकत नव्हती.

बाहेर आल्यावर गंगाबाई म्हणाल्या, "आता घे माझी जागा."

"घेतली असती गं. पन सगला धवला मला येतो कुटं? तुझ्या एका ओलीवरच माझं आयुष्य गेलं." गोदूने गंगाबाईंचा हात धरला. "बायकांना खरं सांगू. अडकलीस तर कोपर मारीन."

पुढच्या लग्नाची सुपारी आली तेव्हा गंगाबाईंनी यजमानीणबाईंना आजाराचे नाव सांगितले. त्या घराने दुसरी धवलारीण बोलावली. नंतर आणखी एका घरानेही.

पुढच्या वैशाखात पळस्प्याच्या एका लग्नात धवला गंगाबाईंनी सांगितला. यजमानांना आजार ठाऊक होता.