वाटीभर पाक

डॉ. यमुनाबाई पेडणेकर यांची आणि माझी पहिली गाठ दवाखान्यात पडली, आणि तिथे मी ऐटीत गेलो होतो. मालवणात माझा खाज्याचा, म्हणजे गूळ-आल्याच्या पाकात घोळलेल्या बेसनाच्या कांड्यांचा, धंदा. दुसऱ्याच्या भट्टीवर लाकडे फोडता फोडता शिकलो, पुढे स्वतःची भट्टी घातली. दहा वर्षांपूर्वी, जत्रा तोंडावर आलेल्या असताना, उकळता गुळाचा पाक माझ्या डाव्या पावलावर सांडला. कातडी सोलून निघाली, पण मी हूं की चूं केले नाही. बायको रडत होती, मी हसत होतो.

बाईंना माझे शौर्य आवडले नाही. बाजारातल्या गोष्टी विचारता विचारता मध्येच म्हणाल्या, "आता मी काय केलंय, सांग."

"खंय काय?"

त्यांनी हातातली सुई दाखवली. ती माझ्या टाचेत टोचून झाली होती. "शिवरामा, दुखणा नाय, ह्या बरा नाय रे."

मग लघवी तपासली. निळे औषध घालून नळी तापवली, तो रंग विटेसारखा लाल. म्हणजे साखर. बाईंनी समजावले की रक्तात साखर फार झाली की बारीक शिरा आणि पायाची जाणीव बिघडते. नवी कातडी धरायला जे रक्त हवे, ते भाजल्या जागी नीट पोचत नाही, आणि जंतूंशी झुंजण्याची ताकदही ढिली पडते. माझा चेहरा बघून त्यांनी तेच पुन्हा सांगितले, "जखमेत जंतूंची जत्रा भरता, आणि खाऊ तूच पुरवतंस."

इन्सुलिनची इंजेक्शने सुरू झाली. बाटली गार राहावी म्हणून आमच्या घरी ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवलेली असे. चहातली साखर सुटली, भात मोजून वाढला जाई. बाई रोज स्वतः पट्टी बदलत. तीन आठवडे झाले तरी कडेने कातडी धरेना, उलट काळपट दिसू लागली. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. आणखी पंधरा दिवस असेच गेले, तर घाटावर जाऊन पाऊल काढून घ्यावे लागेल. आणि माझे पोट तर कढईपुढे उभे राहण्यावर.

"चोरून खातंस?" त्यांनी विचारले.

"देवाशपथ नाय, बाई."

दुसऱ्या कुणी मला खोटारडा ठरवून विषय संपवला असता. बाईंनी मात्र नळीच्या नोंदी काढल्या. काही दिवस निळे, काही दिवस लाल. लाल दिवस ते भट्टीचे दिवस, हे माझ्या बायकोने ओळखले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भट्टीवर येऊन स्टुलावर बसल्या. मी पाय चौरंगावर ठेवून गड्यांना हुकूम सोडत होतो, आणि मधून मधून पळीतला पाक बोटाने जिभेवर लावत होतो. मी चाखला की तेवढाच पाक वाटीत टाकायला बाईंनी बायकोला सांगितले होते. दुपारी ती वाटी माझ्यापुढे आली. काठोकाठ भरलेली.

"ह्या खाशीत?"

"छे छे!"

"खाल्लंस मरे!"

"ता खाणा नाय बाई, ता काम!"

"काम आणि खाणा ह्यो फरक तुज्या जिभेक कळता. रगताक कळणा नाय."

पण न चाखता पाक उतरवायचा कसा? बाई म्हणाल्या, "अख्ख्या बाजारातला ऐकतंस मेल्या, आता पाक ऐक." थेंब थंड पाण्यात टाकायचा आणि ती गोळी पितळी ताटलीवर टाकायची, 'टिक' वाजली की पाक झाला. पहिला घाणा नुसते ढेकूळ झाला. बायको म्हणाली, "पाऊल ऱ्हवांदे, खाजो मागीर." तिसऱ्या घाण्याला कान सरावले. हळूहळू नळी निळी राहू लागली, आणि एका सकाळी जखमेच्या कडेला गुलाबी कातडी दिसली. करंगळीचे नख गेले, पाऊल राहिले. तळव्याखाली आरसा धरून रोज पाहायची सवय बाईंनीच बायकोला लावली. आमच्या घरात आरशात बघण्याचा पहिला मान अजून पायाचा आहे.

बाईंची येत्या महिन्यात साठ वर्षे पुरी होत आहेत, त्यानिमित्त गावात त्यांचा सत्कार आहे. त्यांच्या विद्वत्तेबद्दल जाणकार लिहितील. मला एवढे ठाऊक आहे की रोग्याच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला आणि चूक कुठे आहे ते त्याच्या घरी येऊन शोधले.

सत्काराचा खाजा मी करणार आहे. पाक झाला की नाही, ते माझे कान सांगतील. आले कमी पडले की गूळ जास्त झाला, ते मात्र न चाखता मला कळायचे नाही. समारंभात दोन पायांवर चालत येऊन पहिला तुकडा मी बाईंच्या हातावर ठेवीन. कसा झाला ते त्यांनी सांगावे. आणि पुढची पुष्कळ वर्षे, धडधाकट राहून, दर जत्रेला असेच सांगत राहावे.