कुंकवाच्या झाकणातला तुकडा

आई गेली त्याला वर्ष झाल्यावर मी बाबांना गावाकडून धायरीच्या माझ्या फ्लॅटवर आणलं. कायमचं आणायचं, असं माझ्या मनात होतं. बाबांनी मात्र शब्द दिला नव्हता. "पाहू, करमते का तिथं," एवढंच म्हणाले होते.

करमत नव्हतं. आमच्या तालुक्याच्या गावी त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी उघडून, नवी तार भरून ते पुन्हा चालत्या करत. त्या तारेवरच मी शिकलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. इथे त्यांना उघडायला काही नव्हतं. मी हडपसरला ऑफिसला जायचो आणि ते गॅलरीत बसून लिफ्टचा आवाज ऐकायचे. लिफ्टच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय, असं त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगूनही पाहिलं. "बघतो," एवढंच सेक्रेटरी म्हणाले.

मग खंडेनवमी आली. गावी या दिवशी बाबा पाने, पकडी, हातोड्या रॉकेलने धुऊन पाटावर मांडत. धुतल्याशिवाय पूजा नाही, हा त्यांचा नियम. माझं हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. तो तापतो म्हणून डब्याची एक बाजू मी उघडीच ठेवायचो. मी ऑफिसात असताना बाबांनी आधी त्याची वायर काढली, जुन्या टूथब्रशने आणि कोरड्या फडक्याने आतली धूळ साफ केली, हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला. नंतर बटण दाबलं तर तो चालू होईना. मदरबोर्डवरचा तिळाएवढा एक तुकडा फडक्याला अडकून निघाला होता. बाबांनी फडकं झटकून तो शोधला आणि कुंकवाच्या करंड्याच्या झाकणात जपून ठेवला.

मी घरी आल्यावर त्यांनी झाकण पुढे केलं. "म्या त निस्तं फडकं फिरवलं. धूळ लय होती रे."

"होतं असं, बाबा. बसवून मिळतं."

"मंग मीही येतो संगं. कसं बसवते ते पाहू."

पुण्यात आल्यापासून ते पहिल्यांदाच स्वतःहून कुठे येतो म्हणाले. मला बरं वाटलं.

दसरा झाल्यावर आम्ही कॉम्प्युटर घेऊन बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा. बाबांनी कागदाची पुडी उलगडून तुकडा काउंटरवर ठेवला आणि काय झालं ते त्यांनीच सांगितलं.

"भिजवून ठेवला होता की नुसताच घासला?" दुकानदाराने विचारलं.

बाबांना वाटलं, खरंच विचारतोय. "नाही साहेब, कोरडं फडकं होतं."

"मग विसळायचा राहिलाच म्हणायचा."

बाकीची गिऱ्हाइकं हसली. बाबा तरीही दुकानदाराने तुकड्यावर धरलेल्या भिंगाकडे वाकून बघत होते. "हा तुकडा कशाचं काम करते, साहेब?"

"आजोबा, ते कळून आता काय करणार? पुढच्या वर्षी फूल वाहायचं, नमस्कार करायचा. हात लावायचा नाही."

"अहो, ते माझे वडील आहेत," मी म्हणालो.

"मी कुठे नाही म्हटलं?"

बाबांनी हात जोडले. "चुकलं माह्यं, साहेब." ज्यांच्या दुकानापुढे पेरणीच्या दिवसांत शेतकरी सकाळपासून बसून असत, ते माझे वडील.

तुकडा बसला. कॉम्प्युटर सुरू झाला, आजही चालतो. पण त्या दिवसापासून बाबा घरात काहीही सुरू करण्याआधी विचारू लागले. "हे दाबू का रे?" पंख्याला, मिक्सरला, गिझरलाही. मी ऑफिसात असलो की उकाड्यात तसेच बसून राहायचे.

दिवाळीपर्यंत तरी थांबा म्हटलं. "घर बंद हाय तिकडं. उंदरं होतीन," म्हणाले आणि कोजागिरीच्या आत निघून गेले. दुकान त्यांनी पुन्हा उघडलंय. हात थरथरतात, तार सुटते, असं शेजारी सांगतात. तरी ते तिथेच आहेत.

यंदा खंडेनवमीला त्यांचा फोन आला. "फूल वरूनच ठेव बरं. आतमंदी हात नको लावू."

मी वरूनच ठेवलं. आत पुन्हा धूळ साचली आहे, आणि ती काढायला या, असं मला त्यांना म्हणता आलं नाही.