येणार, नाही येणार, बघू

माझ्या सासूबाईंच्या दुसऱ्या लग्नाला सगळ्यात पहिला पाहुणा आला, तो इंटरनेटची वायर दुरुस्त करायला.

दचकू नका. सासूबाईंनी दुसरं लग्न केलं ते पहिल्याच नवऱ्याशी. चेन्नईत नवऱ्याला साठ वर्षं पुरी झाली की नवराबायको पुन्हा बोहल्यावर चढतात. होम, हार, मंगळसूत्र, सनई (इथं नादस्वरम), केळीच्या पानावर पंगत, सगळं साग्रसंगीत. माझी सासुरवाडी तंजावरी मराठी, म्हणजे देवघरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि भांडणात दोन्ही. मी आपला सांगलीचा. नोकरीसाठी चेन्नईत आलो, वासंतीशी लग्न केलं आणि या घरचा 'माप्पिळे' झालो. माप्पिळे म्हणजे जावईबापू. जावई हा दहावा ग्रह असतो म्हणतात. आमच्या घरी त्याची प्रचिती आली.

मला दारू नाही, सिगारेट नाही. मला व्यसन होतं ते इंटरनेटवर रोज उगवणाऱ्या नव्या सेवांचं. दोन हजार सालानंतरची ती वर्षंच तशी होती. सकाळी उठावं तर एक नवी साइट जन्माला आलेली असायची आणि दुपारपर्यंत मी तिचा सभासद झालेलो असायचो. फोटो ठेवायची साइट, वाचलेली पुस्तकं नोंदवायची साइट, आज काय जेवलो ते जगाला सांगायची साइट (जगाने कधी विचारलं नव्हतं). शिवाय या सगळ्यांना तारे देणारा माझा ब्लॉग होता. त्याला दोन नियमित वाचक होते: एक मी, आणि दुसरा एक परदेशी गृहस्थ, जो प्रत्येक लेखाखाली टक्कल घालवायचं औषध विकून जायचा.

तर सासऱ्यांची साठी आली. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मामा चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. क्वार्टर अजून सोडायचं होतं. मामींची या समारंभाकडून एकच अपेक्षा होती. त्यांचं पहिलं लग्न तंजावरजवळच्या एका गावात झालं, त्या दिवशी नेमका बसचा संप. नवरदेव बैलगाडीने कसाबसा पोचला, वऱ्हाड पोचलंच नाही. मांडलेली पानं शेवटी गाईंना घातली. ही हकिगत मामी दुसऱ्या कुणाच्याही लग्नात, पहिला घास घेण्याआधी, सांगायच्या. यावेळी साडी नको, दागिना नको, म्हणाल्या, "हॉल भरला पाहिजे, माप्पिळे. बाकी कांही नको."

आता हॉल भरायचा म्हणजे बोलवायला हवं, आणि बोलवायचं म्हणजे या लोकांत फार मोठी मोहीम असते. पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळद लावायची, चांदीचा करंडा घ्यायचा, जोडीने प्रत्येक घरी जायचं, बाईला कुंकू लावायचं, अक्षता द्यायच्या, "सगळ्यांनी यायचं हं" म्हणायचं, कॉफी प्यायची, पुढच्या घरी जायचं, तिथंही कॉफी प्यायची. मामांचा गुडघा तेव्हा इतका धरला होता की आवडी स्टेशनचा पूल दिसला तरी ते खाली बसायचे. निम्मं गोत टी. नगरात, म्हणजे प्रत्येक फेरीला लोकल, बस आणि चालणं. मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांची दया आली आणि (खरं सांगायचं तर) माझी कॉलर ताठ झाली. कारण त्याच आठवड्यात अमेरिकेत एक नवी साइट सुरू झाली होती, तीही आमंत्रणांचीच!

मी मामांना लॅपटॉपसमोर बसवून सगळं दाखवलं. पत्रिका एका टिचकीत सगळ्यांना जाते. खाली तीन बटणं असतात, त्यांची नावं मी स्वतः मराठीत घातली होती: येणार, नाही येणार, बघू. कोण येतंय ते आपल्याला घरबसल्या कळतं, आचाऱ्याला तेवढीच पानं सांगायची. मामांनी चष्मा वर केला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हें मधलं बटण कशास ठेवलंत?"

मी म्हटलं, ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी.

"शुभकार्यास 'नाही येणार' म्हणून कोण हो म्हणेल?"

मी समजूतदारपणे हसलो. मागच्या पिढीला नवं तंत्रज्ञान समजायला वेळ लागतो, असं एक वाक्यही त्या रात्री ब्लॉगवर लिहिलं. मग नातेवाइकांच्या पोरांकडून सगळ्यांचे ईमेल पत्ते गोळा केले. पाठवताना साइटने अदबीने विचारलं की तुमच्या ओळखीचे बाकीचे लोक आम्हीच शोधून घेऊ का? एवढी अदब आमच्या ऑफिसात कुणी दाखवत नव्हतं. मी हो म्हटलं.

उत्तरं धो धो येऊ लागली. न्यू जर्सीचा भाचा: येणार. सिंगापूरची मावसबहीण: येणार. सिडनीचे काका, ज्यांना डॉक्टरने जिना उतरायलासुद्धा बंदी केली होती: येणार. पडद्यावर एक हिरवी पट्टी होती, ती रोज वाढायची. एकही 'नाही' नाही, एकही 'बघू' नाही. मामी रोज संध्याकाळी फोन करून विचारायच्या की पट्टी कुठवर आली. मी आचाऱ्याला पट्टीबरहुकूम पानं सांगितली आणि ब्लॉगवर त्या साइटला पाचपैकी पाच तारे दिले. औषधवाल्यानेही अभिनंदन केलं.

फक्त टी. नगरवाल्यांनी कुठलंच बटण दाबलं नव्हतं. त्यांच्यातल्या मुख्य म्हणजे मामांच्या थोरल्या बहीण, अक्का. साड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि आजूबाजूच्या सगळ्या नातेवाइकांवर त्यांची हुकमत. वासंती दोनदा म्हणाली की अक्कात्याकडे एकदा जाऊन येऊ. मी तिला पडद्यावर दाखवलं की अक्कांच्या नातवाने मेल उघडला आहे, साइटवर 'पाहिलं' असं स्वच्छ लिहिलंय. पाहिलं म्हणजे पोचलं, आणि पोचलं म्हणजे येणार! घर तर हॉलपासून हाकेच्या अंतरावर. वासंतीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तिचा अर्थ मला नंतर कळला.

उजाडला तो दिवस. टी. नगरातला हॉल, दाराशी केळीचे खुंट, आत खुर्च्यांच्या रांगा. नादस्वरमवाला गाल फुगवून वाजवत होता आणि ऐकायला आम्ही घरचे. तेवढ्यात दारात एक पाहुणा! खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात पक्कड. त्याने तमिळमध्ये विचारलं की फॉल्ट कुठं आहे.

साइटने माझ्या ओळखीचे सगळे शोधले होते, त्यात आमच्या इंटरनेट कंपनीचा तक्रार विभागही होता. त्यांच्या यंत्राने पत्रिकेला तक्रार क्रमांक दिला होता आणि पत्ता हॉलचा असल्यामुळे माणूस हॉलवर धाडला होता. तक्रारीचा विषय: षष्ट्यब्दपूर्ती. मी त्याला वाटेला लावणार, तोच हिरवं रेशमी लुगडं नेसून नवरी झालेल्या मामी पुढे आल्या, त्याच्या मनगटाला चंदन लावलं, अंगावर गुलाबपाणी शिंपडलं आणि त्याला पहिल्या रांगेत बसवलं. वर सांगितलं की मुहूर्त होईपर्यंत उठायचं नाही. तो बिचारा पक्कड मांडीवर घेऊन बसला.

त्यानंतर आले माझे मित्र. दर शनिवारी आम्ही दहाबारा जण एका कॉफीच्या दुकानात बसून नव्या कंपन्या काढायचो (सोमवारी पुन्हा नोकरीवर जायचो). तेही पत्त्यांच्या वहीत होतेच. काळे टी-शर्ट, पाठीवर लॅपटॉप. आल्या आल्या त्यांनी शेवटच्या रांगेत जाऊन भिंतीला प्लग आहे का ते शोधलं.

आणि मग कुणीच आलं नाही. न्यू जर्सी नाही, सिंगापूर नाही. टी. नगरसुद्धा नाही. भटजींनी होम पेटवला, रिकाम्या खुर्च्यांवरून धूर फिरून परत आला. जेवणाच्या दालनात पानं मांडून झाली होती. मामी बोहल्यावरून त्या दालनाच्या उघड्या दाराकडे बघत होत्या. मी जवळून जाताना त्यांनी मला हळूच विचारलं,

"आज बसचा संप नाही ना हो, माप्पिळे?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आयुष्यभर उराशी धरलेली त्या बाईची एकच हौस, आणि मी हात दाखवून अवलक्षण करून ठेवलं होतं. मी कोपऱ्यात जाऊन लॅपटॉप उघडला. पट्टी हिरवीगार. न्यू जर्सीच्या भाच्याला फोन लावला, तर तो झोपेतून उठून म्हणाला की अहो, शुभकार्याला नाही कसं म्हणायचं? येणार म्हणजे मनाने येणार. मामांचा प्रश्न आठवून माझे कान गरम झाले.

आता आले असते ते फक्त टी. नगरवाले, आणि ते येत नव्हते. वासंतीने पूजेच्या ताटातला करंडा उचलला, अक्षता पदरात बांधल्या आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. जाता जाता मामांना खूण केली. मामांनी भटजींच्या कानात काहीतरी सांगितलं, तेव्हा भटजींनी संकल्प पुन्हा पहिल्यापासून धरला आणि मामांच्या पूर्वजांची नावं एकेक चावून चावून घ्यायला लागले.

रिक्षा अक्कांच्या दारात थांबली. बेल वाजवायला हात उचलला, तोच दार उघडलं. दारात अक्का. कांजीवरम साडी, केसांत मोगरा, नाकात हिऱ्याची मोरणी, काखेत पर्स! त्यांच्यामागे सोफ्यावर अख्खं घर ओळीने बसलेलं, सगळे रेशमात, पोरांच्या पायांत बूटसुद्धा. देवघरात माझ्या ईमेलचा छापील कागद ठेवला होता आणि अक्कांनी त्याच्या चारी कोपऱ्यांना स्वतः हळद लावली होती.

मी चाचरत म्हटलं, "अक्का, सगळी तयारी दिसते. मग आला का नाहीत?"

"बोलावल्याविना कसं यायचं?"

"पण हा ईमेल..."

"कागद आला, माप्पिळे. माणूस नाही आलं."

पाच ताऱ्यांच्या साइटवर माणूस पाठवायचं बटणच नव्हतं. वासंतीने अक्कांना कुंकू लावलं, मी वाकून अक्षता दिल्या आणि जन्मात पहिल्यांदा मनापासून म्हणालो की सगळ्यांनी यायचं. अक्का म्हणाल्या, "आतां आलोंच," आणि खरोखरच माझ्या आधी रिक्षात जाऊन बसल्या.

नंतरचं सगळं त्यांनी हातात घेतलं. ह्या गल्लीत वळव, त्या जिन्याखाली थांब. प्रत्येक घरी तोच प्रकार! दार बेलच्या आधी उघडायचं, आत मंडळी नटूनथटून बसलेली. एका गच्चीवर तर एक काका सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून उभे होते. अख्खं टी. नगर मामींच्या लग्नाला यायला सजून बसलं होतं आणि एका कुंकवाच्या बोटापायी अडलं होतं. कॉफी मात्र कुठंच चुकली नाही; अक्का मला म्हणाल्या की प्यायल्याशिवाय बोलावणं पुरं होत नाही. चौथ्या घरानंतर मी कप मोजायचं सोडून दिलं. साडीखरेदीच्या गर्दीतून आमची रिक्षांची रांग निघाली, तेव्हा दुकानदार पायऱ्यांवर येऊन बघत होते.

आम्ही पोचलो तेव्हा भटजी मामांच्या पूर्वजांना संपवून मामींच्या पूर्वजांवर आले होते. बघता बघता खुर्च्या भरल्या, मग भिंतीकडेचे कट्टे, मग पायऱ्या. वायरवाला जागा द्यायला उठला, त्याला मामींनी बोहल्यावरून डोळ्यांनीच खाली बसवलं. मामांनी मंगळसूत्र बांधलं तेव्हा मामी त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या सगळा हॉल डोळे भरून बघत होत्या. मला रडू आलं. होमाचा धूर डोळ्यांत गेला, असं मी वासंतीला सांगितलं. तिने पदर पुढे केला.

पंगतीला माझे टी-शर्टवाले मित्र सांबार वाढायला लागले. न्यू जर्सी, सिंगापूर आणि सिडनीची पानं टी. नगरने जेवून संपवली. शेवटच्या पंगतीला मी बसलो, तेव्हा मामींनी स्वतः मला पोळी वाढली. "भरला हो हॉल," म्हणाल्या. "तुमच्या कंप्युटरास सांगा."

काही महिन्यांनी त्या साइटचा मेल आला. लोक हो म्हणतात आणि येत नाहीत, असं काहीसं कारण देऊन त्यांनी कंपनी बंद केली होती. निरोपाचा समारंभ कॅलिफोर्नियात ठेवला होता आणि सगळ्या सभासदांना आग्रहाचं आमंत्रण होतं. खाली तीन बटणं. मी सरळ मधल्या बटणावर बाण नेला, आणि बोट काही केल्या खाली जाईना. आमच्याकडे आलेले मामा मागे उभे होते.

"काय कार्य आहे?"

"दुकान बंद होतंय त्यांचं, मामा."

"तरी बोलावलंय ना."

मी 'येणार' दाबलं. किती जण, असं खाली विचारलं होतं. तिथं लिहिलं: सहकुटुंब, सहपरिवार.