दुर्गेशचा सेगा, संजूचा निन्टेंडो

कुडव्यात टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान चालवणारा दुर्गेश बिसेन आणि राइस मिलमधला कारकून संजू पटले हे शाळेपासूनचे मित्र. दुर्गेशकडे मामाने नागपूरहून आणलेला, टीव्हीला जोडून खेळायचा सेगाचा गेम होता, संजूकडे निन्टेंडोचा. दोन्ही सोळा बिटचे. त्यांतला ताकदवान कोणता, यावरून शाळेत जुंपलेलं भांडण दोघांची चाळिशी उलटली तरी मिटलं नव्हतं. दर रविवारी संजू कामठ्याहून मोटारसायकलवर यायचा आणि दुकानातल्या बाकावर टेकायच्या आत सुरू व्हायचा.

"माया प्रोसेसर साडेसात मेगाहर्ट्झचा, तुया साडेतीनचा," दुर्गेश म्हणायचा. "निम्म्यावर राहून बोंबलतोस कायले?"

"नुसता वेग कायले सांगून राहिला? माया प्रोसेसर एका ठोक्यात जास्त काम करते. अन रंग पाय. तुयात एका वेळी चौसष्ट, मायात दोनशे छप्पन!"

दोन वर्षांपूर्वी दुर्गेशने इंटरनेटवर दोन्ही यंत्रांची माहिती मुळापासून वाचून काढली. सेगा वेगवान होताच, पण दुपटीचा फरक नुसता कागदावर होता, आणि रंगांत तर संजूचं शंभर टक्के खरं होतं. दुर्गेशने हे कुणाला सांगितलं नाही. दुकानात दिवसभर माणसं यायची ती बिघडलेल्या वस्तू घेऊन. फक्त त्याच्यासाठी म्हणून येणारा संजू एकटा होता. वाद संपला, तर तो येईल कशाला?

म्हणून त्याने नवीनच अट काढली. "या पातळ टीव्हीवर जुने रंग खरे दिसत नाहीत. पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आण. दोन्ही गेम लावून पाहू, मंग मानतो."

संजू हट्टाला पेटला. दोन महिने शोधाशोध करून कोहमाऱ्याच्या एका ढाब्याच्या कोठीत पडलेला जुना टीव्ही त्याने घरी आणला. गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला.

"दुर्गेश, डब्बा भेटला! चालू झाला, पण चित्र हालून राहिलं."

दुर्गेशच्या हातात उघडा मिक्सर होता आणि गिऱ्हाईक घाई करत होतं. "मंग उघडून पाय ना. लय मोठा इंजिनिअर आहेस."

"थट्टा नको करू. काय फिरवू सांग."

"मागच्या पट्टीवर बारके स्क्रू आहेत. फिरवून पाय." त्याने फोन ठेवला.

तशा जुन्या टीव्हीत घरातला करंट थेट आतल्या पत्र्यात उतरलेला असू शकतो. प्लग काढल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, हे दुर्गेश हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावत असे. त्या दिवशी ते त्याच्या तोंडातून निघालं नाही. तासाभराने संजूच्या शेजारच्या उदारामचा फोन आला, तेव्हा करंट लागून संजू जागीच गेला होता.

तेरावं झाल्यावर दुर्गेश कामठ्याला गेला. संजूची बायको रविता ओसरीवर बसली होती. कोपऱ्यात तो टीव्ही पाठ उघडी टाकून तसाच पडला होता.

"त्यानं मले फोन केला होता, वहिनी," दुर्गेश म्हणाला. "प्लग काढ, एवढं मी सांगितलं नाही."

रविताने विचारलं, "अन तुमच्या त्या भांडणात खरं कोण होतं?"

"संजू."

"कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली."

"सांगून देलं असतं, त हा डब्बा घरात आलाच नसता." तिचा आवाज चढला नाही. "काऊन नाही सांगितलं, भाऊजी?"

तो येणं बंद करेल म्हणून, हे उत्तर दुर्गेशच्या ओठावर आलं. संजूच्या ओसरीवर बसून ते बोलायची त्याला लाज वाटली. त्याने नजर कोपऱ्यातल्या टीव्हीकडे वळवली.

"उचला हा. मले डोळ्यासमोर नको."

दुर्गेश टीव्हीपाशी उकिडवा बसला. प्लग निघालेलाच होता. हाताच्या सवयीने त्याने खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याला वायर बांधली, वायरचं दुसरं टोक पत्र्याला लावलं, ड्रायव्हरचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवलं आणि ट्यूबमध्ये उरलासुरला करंट असेल तो उतरवला. रविता पाहत होती.

"येवढंच करायचं होतं?"

"त्याच्या आधी प्लग काढायचा. बस."

ती उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. दुर्गेशने टीव्ही छातीशी धरून उचलला. तो जड होता, आणि त्याच्या मोटारसायकलवर बांधून द्यायला दुसरं कुणी नव्हतं.